गाडी आली आणि गिरगाव लांब गेलं

आमच्या घरी गाडी आली त्या दिवसापासून आमचं कुठेही जाणं बंद झालं.

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहिते आहे. गाडी नव्हती तेव्हा आम्ही भरपूर फिरत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच असतो. एकुलता एक मुलगा, नितीन, तो अमेरिकेत. मी भाजीला दादर गाठायची, बहिणीकडे परळला जायची, आणि हे दर गुरुवारी गिरगावला जायचे. ह्या गुरुवारच्या गिरगावाचं आधी सांगते, कारण सगळा गोंधळ त्याच्यावरूनच झाला.

गिरगावात ह्यांच्या वडिलांच्या जुन्या खोलीत ह्यांची मोठी बहीण राहते, आक्का. वय चौऱ्याऐंशी. एकटी असते. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. हे कचेरीतून निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून दर गुरुवारी सकाळी साडेनवाच्या सुमाराची बस धरून तिच्याकडे जायला लागले. पुढच्या दाराने चढायचं. ज्येष्ठांच्या सीटवर कोणी कॉलेजातलं बसलं असेल तर त्याच्याकडे नुसतं बघत उभं राहायचं (दोन स्टॉपच्या आत उठतो, ह्यांचं बघणंच तसं आहे). ठाकुरद्वारला उतरायचं. आक्का गॅलरीत उभी असायची. कोपऱ्यावर ह्यांची टोपी दिसली की ती आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. सोळा वर्षं हा नेम. चुकला तो फक्त लॉकडाऊनमध्ये, आणि तेव्हासुद्धा हे गुरुवारी साडेनवाला चपला घालून आमच्याच गॅलरीत येरझाऱ्या मारायचे!

तर एका गुरुवारी ह्यांचा पाय मुरगळला. कुठे? आमच्या चाळीच्या जिन्यावर, खालून तिसऱ्या पायरीवर. ती पायरी माझ्या लग्नाच्या आधीपासून तुटलेली आहे. पण मी फोनवर नितीनला सांगितलं ते असं, "अरे, बाबा गिरगावला निघाले होते, पाय मुरगळला." झालं! पोराने पायरी बाजूला ठेवली आणि बसला धरलं.

"आई, शहात्तराव्या वर्षी बाबा बसमध्ये चढतात?"

"मग काय, बस त्यांच्यावर चढू दे?"

"चेष्टा नको. मला इथे झोप लागत नाही. मी गाडी बुक करतोय."

"अरे, पण चालवणार कोण? तुझ्या बाबांनी जन्मात सायकल चालवली नाही!"

"ड्रायव्हर मागवता येतो फोनवरून. मी इथून बटण दाबेन, तो तिथे येईल. आता बाबा बसने जाणार नाहीत. मला शब्द दे."

मी दिला शब्द. माझा स्वभावच तसा, शब्द द्यायला मला वेळ लागत नाही.

आता नितीनचं तरी काय चुकलं? तो राहतो त्या गावात मी तीन महिने राहून आले आहे. गाव कसलं, चांगलं मोठं शहर आहे. पण तिथे माणसाला पाय दिलेत ते फक्त गाडीचे पेडल दाबायला. एकदा घरात कोथिंबीर नव्हती. दुकान खिडकीतून दिसत होतं! म्हटलं, जाऊन आणू. साडी खोचली, पिशवी घेतली, निघाले. थोडं चालले तर फुटपाथ संपला. म्हणजे खणलेला नव्हता, फेरीवालेही नव्हते, नुसता संपला. बोलता बोलता माणूस वाक्य अर्धवट टाकून उठून जातो ना, तसा. पुढे सहा पदरी रस्ता. बटण दाबल्यावर चालणाऱ्या माणसाचं चित्र लागतं, पण मी निम्म्यावर पोचेपर्यंत ते चित्रच दमलं. मी मधल्या दुभाजकावर उभी, पदर फडफडतोय, दोन्हीकडून गाड्या. एक बाई गाडी थांबवून काळजीने विचारायला लागली की तुमची गाडी कुठे बंद पडली? मी म्हटलं, "नो कार. कोथिंबीर." तिने मला दार उघडून आत घेतलं आणि सरळ घरी आणून सोडलं. कोथिंबीर राहिली ती राहिलीच.

तिथे बससुद्धा होती बरं का! गवतात एक खांब रोवलेला, तोच स्टॉप. मी हट्टाने एकदा उभी राहिले पाऊण तास. बस आली तर आत फक्त ड्रायव्हर. त्याने मला हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं. आमच्याकडे 'आगे चलो' म्हणतात, त्यामुळे मी जरा गांगरलेच. मी नितीनला विचारलं, "एवढी छान बस, कोणी बसत कसं नाही?" तो म्हणाला, "तासाला एक असते, कोण थांबणार?" मी म्हटलं, "मग जास्त सोडा." तो म्हणाला, "कोणी बसतच नाही तर जास्त कशाला सोडतील?" ह्यावर मी बराच विचार केला. तीन महिने मी गॅरेजचं दार वर जाताना आणि खाली येताना बघत काढले. नितीन कामावरून आला की 'मला कुठेतरी ने रे' म्हणून मागे लागायची. जन्मभर स्वतःच्या पायांनी हिंडलेली बाई मी, तिथे अगदी कडेवरचं मूल झाले होते.

तर अशा ठिकाणी राहणाऱ्या पोराला वाटणारच की गाडी म्हणजे आईबापांची सेवा.

गाडी आली. रंग पांढरा. मी ओवाळलं, नारळ फोडला, चाकांखाली चार लिंबं ठेवली, हार घातला. आमच्या पटांगणात पाण्याची टाकी आणि उंबराचं झाड ह्यांच्या मधोमध एक जागा नेमकी रिकामी झाली होती, तिथे गाडी लावली. आता आमच्या पटांगणात चार गाड्या मावतात आणि चाळीत गाड्या आहेत नऊ. नंबर नाही, चिठ्ठी नाही. ज्याची गाडी उभी त्याची जागा. उठला की गेली! पहिल्या मजल्यावरचे परब, त्यांची गाडी वर्षभर बाहेर रस्त्यावर उभी असते. ते टाकीपाशी हात मागे बांधून आमच्या गाडीकडे बघत उभे होते. मला वाटलं कौतुकाने बघतायत. ते जागा मोजत होते.

पहिला गुरुवार. नितीनने तिथून बटण दाबलं, इथे ड्रायव्हर आला. हे मागच्या सीटवर ताठ बसले, जसं काही कोणी फोटो काढणार आहे. मीही शेजारी बसले (गाडी माझ्याशिवाय कशी जाईल!). भायखळ्याला पोचेपर्यंत ह्यांची नेहमीची बस आम्हाला दोनदा मागे टाकून गेली. दुसऱ्यांदा ह्यांनी काचेतून तिच्याकडे असं बघितलं की मी मुद्दाम हवामानाचा विषय काढला. गिरगावात पोचलो तर गाडी लावायला बोटभर जागा नाही. हे उतरून वर गेले. मी आणि ड्रायव्हर फेऱ्या मारत राहिलो. ठाकुरद्वार, चर्च, परत ठाकुरद्वार. दर फेरीला ड्रायव्हर ह्यांना फोन करायचा.

"काका, हवालदार उभा आहे, जरा लवकर या ना."

वर काय झालं ते मला नंतर कळलं. चौथ्या फोनला आक्काने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "वसंता, तू माझ्याकडे आलायस की त्याच्याकडे?" ह्यांनी उभ्याउभ्या चहा घोटला, जीभ भाजून घेतली आणि खाली आले.

घरी आलो तर टाकी आणि उंबराच्या मधोमध परबांची गाडी!

"परब, ही जागा आमची!"

"काकीनू, जागा खयची तुमची? तुमी फिराक गेलास, जागा हयच रवली. ती काय तुमच्यावांगडा गिरगावाक इली नाय ना!"

वादच घालता येईना, कारण बोलणं बरोबर होतं. दोन दिवस आमची गाडी रस्त्यावर. तेवढ्यात तिच्यावर कावळ्यांनी येऊन काय करायचं ते केलं, आणि एका केळीवाल्याने बॉनेटवर दोन घड टेकवून धंदासुद्धा केला. शनिवारी परब सासुरवाडीला भांडुपला गेले तेव्हा कुठे आमची जागा परत मिळाली. त्या क्षणी मी पटांगणात उभं राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी घोषणा केली, "ही गाडी आता इथून हलणार नाही!"

हे गॅलरीतून वाकून म्हणाले, "मग मी गिरगावला कसा जाऊ?"

"गाडीने!"

"गाडी तर हलणार नाही म्हणतेस."

"मग थांबा जरा. काढू काहीतरी मार्ग."

"बसने जातो ना मी."

"बसने? नितीनला मी शब्द दिलाय! आणि चाळ काय म्हणेल? दारात नवी गाडी आणि म्हातारा स्टॉपवर?"

"बरं, टॅक्सी."

"दारात गाडी ठेवून टॅक्सी? अहो, वेड लागलंय का?"

हे आत वळले. ह्यांचं हेच वाईट. भांडले असते तर मी जिंकले असते किंवा हरले असते, काहीतरी निकाल लागला असता. हे नुसते आत गेले.

पुढल्या गुरुवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. साडेअकराला टोपी काढली. जेवताना म्हणाले, "आमटी छान झालीय." त्याच्या पुढल्या गुरुवारी तेच. मी बघत होते. मला दिसत नव्हतं असं नाही. पण रोज सकाळी उठून आधी गाडी जागेवर आहे का ते बघायची मला सवय लागली होती, आणि ती जागेवर दिसली की मन इतकं गार व्हायचं की बाकीचं सगळं उद्यावर ढकललं जायचं. शिवाय गाडीचे उपयोगही दिसायला लागले होते. बॉनेटवर कुरडया झकास वाळतात. डिकीत वर्षाचा मसाला राहतो, उंदराची भीती नाही. चाळीत एवढी कोरडी जागा कोणाकडे आहे?

आक्काचा फोन आला. "पाय कसा आहे वसंताचा?" मी म्हटलं, बरा आहे. दुसऱ्या आठवड्यात आला, "गाडीवाली माणसं तुम्ही आता, आमच्या गल्लीत कशाला येताय." तिसऱ्या आठवड्यात आलाच नाही. त्यानंतरही नाही. तो न आलेला फोन मला घरभर ऐकू यायचा. ह्यांना किती ऐकू येत असेल ते मी विचारलं नाही.

इकडे नितीनचा दर गुरुवारी फोन. त्याच्याकडे बुधवारची रात्र, जेवणं आटोपलेली.

"आई, तू मला ड्रायव्हर मागवायला सांगितलंच नाहीस. बाबा गेले ना गिरगावला?"

"गेले की! आम्ही इथलाच एक ठरवलाय. कायमचा."

"कोण?"

माझ्यासमोर कॅलेंडर होतं. त्यावर दत्तगुरूंचं चित्र. "दत्ता," मी म्हटलं.

एकदा दत्ता जन्माला घातला की त्याला वाढवणं आलं. पुढल्या आठवड्यात नितीनने विचारलं, दत्ता राहतो कुठे? मी म्हटलं, घोडपदेवला. त्याच्या पुढल्या आठवड्यात दत्ताला बायको झाली. मग मला राहवेना, मी त्याला मुलगी दिली. तीन वर्षांची, अंगाने जरा किरकोळ, जेवत नाही. आमचा नितीन मुळात हळवा. महिन्याभरात तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर दत्ताच्या मुलीसाठी फ्रॉक आला! गुलाबी, झालरीचा. मी तो कपाटात साड्यांखाली दडपला. कपाट उघडलं की वाटायचं, पोर जेवली असेल का?

आमचे हे सगळं ऐकत होते. एकदाच म्हणाले, "दत्ताला जरा सांग, मला गिरगावला सोड."

असे साडेतीन महिने गेले. आणि एका बुधवारी नितीनचा निरोप आला, "उद्या बाबा गाडीत बसले की व्हिडिओ कॉल लावा. मला दत्ताला थँक यू म्हणायचंय."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी परबांच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. परब पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"करतंय मी दत्ता. पण म्हयनाभर जागा माका."

"आठ दिवस."

"पंधरा. आनी डोक्यार कायतरी व्हया. नितीन माका ल्हानपणापासून वळाखता."

मी ह्यांची माकडटोपी आणून दिली. ऐन उन्हाळ्यात परब लोकरीची माकडटोपी घालून स्टिअरिंगपाशी बसले. त्यांचं मागचं डोकं तेवढं दिसेल अशा बेताने मी मागे बसले, हे शेजारी. ह्यांचा चेहरा दात काढायला नेलेल्या माणसासारखा. मी सांगून ठेवलं होतं, परबांनी स्टिअरिंग फिरवत राहायचं, मी फोन हलवत राहीन, ह्यांनी फक्त खिडकीबाहेर बघायचं. फोन लागला.

"आई, बाबा! निघालात?"

"हो रे! हे काय, भायखळा आलंच!"

"दत्ता, कसा आहेस?"

परब स्टिअरिंग जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं गरागरा फिरवत म्हणाले, "बरा हा साहेब!"

"दत्ता मालवणी आहे का गं? आवाज अगदी आपल्या परबकाकांसारखा."

"त्यांच्याच गावचा!" मी फोन जोरात हलवला.

"आई, एवढं काय हलतंय? रस्ता खराब आहे का?"

"खणून ठेवलाय सगळा!" (हे तरी खरं बोलले.)

"पण बाबांच्या खिडकीत मघापासून तेच झाड दिसतंय."

"सिग्नल आहे."

"मग दत्ता स्टिअरिंग का फिरवतोय?"

परबांचे हात जागच्या जागी थिजले. मी काहीतरी बोलणार एवढ्यात ह्यांच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम.

आक्का!

"वसंता," ती काचेतून ओरडली, "आजारी असशील म्हणून मी जीव मुठीत धरून आले आणि तू इथे बंद गाडीत बसून काय करतोयस?"

फोनमधून नितीनचा आवाज आला, "आई... आत्या गाडीबरोबर पळतेय का?"

तिथे खेळ संपला. परबांनी माकडटोपी काढली, कॅमेऱ्यात वळून बघितलं आणि म्हणाले, "बरो मां नितीन?" आणि दार उघडून निघून गेले. माणूस शहाणा आहे.

ह्यांनी दार उघडलं. आक्का आत ह्यांच्या शेजारी बसली, मी पुढच्या सीटवर गेले. आक्काने सीटवर हात फिरवला, वर बघितलं, डिकीतल्या मसाल्याचा वास घेतला.

"आलीस कशी तू इथपर्यंत?" ह्यांनी विचारलं. साडेतीन महिन्यांत ह्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"आलीस कशी म्हणजे? बसने! पुढच्या दाराने. एका मुलीने हात दिला, एकीने जागा दिली, कंडक्टरने लालबाग आल्यावर हाक मारली. चौऱ्याऐंशीची आहे मी, मला जमलं. तुला एवढी मोठी गाडी असून जमलं नाही?"

ह्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. मग मीच सगळं सांगून टाकलं. जागा, परब, शब्द, दत्ता, दत्ताची मुलगी, फ्रॉक. नितीन ऐकत होता. मला वाटलं, आता चिडेल. पण तो म्हणाला, "आई, मीपण एक सांगू?"

त्याचं असं झालं होतं. त्याच्या घरासमोरचा तो सहा पदरी रस्ता, त्यातला एक पदर फक्त बसला द्यायचा आणि दर दहा मिनिटांनी बस सोडायची असं त्यांच्या नगरपालिकेने काढलं होतं. त्यासाठी लोकांची सभा भरली. काही लोक म्हणाले, बसमध्ये कोण बसणार, म्हाताऱ्यांनी काय करायचं? आमचा नितीन उठला. रोज दीड तास एकट्याने गाडी चालवून त्याची पाठ धरली आहे, त्यामुळे तो मनापासून बसच्या बाजूचा.

"मी सांगितलं की माझे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि अजून दर गुरुवारी बसने बहिणीकडे जातात. बस वेळेवर येत असेल तर म्हातारं माणूस कोणावर अवलंबून राहत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई."

"अरे, पण तूच तर त्यांना बस सोडायला लावलीस!"

"ते नाही सांगितलं," नितीन म्हणाला. "सांगितलं असतं तर माझा मुद्दाच पडला असता."

म्हणजे बघा, अमेरिकेत आमचे हे बसने जात होते, फोनवर गाडीने जात होते, आणि लालबागमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले होते. दोन देशांत मिळून मायलेकांनी एका माणसाला एवढं फिरवलं, आणि त्याला जायचं होतं ते फक्त ठाकुरद्वारपर्यंत.

"बाबा," नितीन म्हणाला, "मी चुकलो. मला वाटलं, तुम्हाला आराम."

हे म्हणाले, "आराम झाला रे. भरपूर झाला." आणि गाडीतून उतरले, आक्काला हात दिला, टोपी नीट केली. "चल आक्का, तुला घरी सोडतो. अकरा वीसची मिळेल."

"अहो, गाडी आहे ना!" हे मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं हो! सवय.

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. भावंडांचं बघणं अगदी एकसारखं आहे, हे मला तेव्हा कळलं. मी गाडीतून उतरले.

गाडी आता विकायची ठरली आहे. गिऱ्हाईकं येतात, चक्कर मारून बघतो म्हणतात, आणि परब लगेच आपल्या गाडीची किल्ली घेऊन खाली येऊन उभे राहतात, त्यामुळे व्यवहार जरा रेंगाळलाय. पण ते होईल सावकाश. सांगायचं होतं ते त्याच्या पुढल्या गुरुवारचं.

त्या गुरुवारी मीही ह्यांच्याबरोबर बसने गिरगावला गेले. सोळा वर्षांत ह्यांच्या गुरुवारी मी कधी गेले नव्हते, तो त्यांचा दोघांचा वार. ती गाडीची फेरी झाली तेव्हासुद्धा मी खालीच घिरट्या घालत होते. म्हटलं, एकदा बघू तरी, हा माणूस ज्याच्यासाठी साडेतीन महिने सुकला ते असतं काय. काय बोलत असतील बहीणभाऊ एवढं?

काहीही नाही! खरंच सांगते. आक्काने चहा दिला. ह्यांनी तिचा पेपर उचलला आणि वाचत बसले. ती समोर पाटावर मेथी निवडत बसली. पंखा फिरत होता. दहा मिनिटांनी हे म्हणाले, "पातळ झालीस." ती म्हणाली, "तूसुद्धा." परत दहा मिनिटं गप्प. ह्यांनी पेपर ठेवला आणि न विचारता अर्धी जुडी स्वतःकडे ओढली. दोघं मेथी निवडायला लागले, एकाच तऱ्हेने, देठ एकाच ठिकाणी मोडत. आईने शिकवलं असणार दोघांना, केव्हातरी, त्याच खोलीत.

पण मला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी म्हटलं, एवढ्या दिवसांनी निवांत बसलेत, घरात जरा बोलणं हवं. म्हणून मग मी बोलले. परबांचं सांगितलं, कावळ्यांचं, केळीवाल्याचं, अमेरिकेतल्या कोथिंबिरीचं, दत्ताच्या मुलीला आता कोणत्या शाळेत घालायचा माझा विचार होता तेही सांगितलं. दोन तास! घर कसं भरून गेलं. निघताना मी अगदी समाधानाने चपला घालत होते.

आक्का दाराशी आली. तिला वाटतं ती हळू बोलते.

"वसंता," ती ह्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तू बसने ये. आणि हिला गाडीत बसवून ठेव."